बालवाडीचे वर्ष : ऋतू, हात आणि पहिले शिक्षण

आपल्या समाजात शिक्षणाचे महत्त्व आता कोणास पटवून द्यावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेला 'शिका' हा आदेश वाडीवाडीत पोहोचला आहे, आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविणारे आईबाप घरोघरी आहेत. दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंतांचा सत्कार होतो, पदवीधरांची नावे अहवालात छापली जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु या लांब जिन्याची जी अगदी पहिली पायरी, म्हणजे तीन ते सहा वर्षांचे वय, तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. बोललो तरी एकच प्रश्न विचारतो, "पोर लिहायला लागलं की नाही?"

या प्रश्नामागे काळजी आहे. शहरातील मुले तिसऱ्या वर्षी इंग्रजी अक्षरे गिरवितात, मग आपले मूल मागे पडेल ही ती काळजी. त्यामुळे अंगणवाडीतील बाईंनी मुलांना मातीची भांडी करावयास बसविले, किंवा पाने गोळा करावयास अंगणात नेले, की काही पालक नाराज होतात. एखादी आई स्पष्टच म्हणते, "माती आम्ही जन्मभर तुडवली. पोरानेपण मातीतच हात घालायचे, तर शाळेत कशाला पाठवायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या अक्षरापासून दूर ठेवून केवळ राबविले गेले, त्या समाजातील आईने तो विचारणे स्वाभाविक आहे. त्याचे सरळ उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सहा वर्षांच्या आतील मूल मुख्यतः हाताने, डोळ्याने आणि बोलण्याने शिकते. अक्षर आणि अंक हे या शिकण्यावरच उभे राहतात. आणि या शिकण्याला लागणारे साहित्य रत्नागिरी जिल्ह्यातील प्रत्येक वाडीत ऋतूप्रमाणे दाराशी येत असते, तेही फुकट.

हात आधी, अक्षर मागून

पेन्सिल धरणे ही मोठ्या माणसास सोपी गोष्ट वाटते. परंतु माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात आणि जन्माच्या वेळी ती कुर्चेच्या स्वरूपात असतात. एकेक करून ती पक्की होत जातात आणि सर्व पक्की होण्यास साधारण दहा-बारा वर्षे लागतात. बोटांचे लहान स्नायूही हळूहळू बळकट होतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन 'क' गिरवून घेतला, तर ते मूठ आवळून, खांद्यापासून हात हलवून तो काढते, लवकर थकते आणि कंटाळते. तेच मूल भाताचा दाणा नखाने सोलते, शेणामातीचा गोळा वळते, शेंगा सोलते, तेव्हा अंगठा आणि दोन बोटांची तीच पकड तयार होत असते, जी पुढे पेन्सिलीला लागणार आहे.

संख्येचेही तसेच आहे. पुष्कळ मुले गाण्यासारखे एक ते शंभर म्हणून दाखवितात. पण "पाच चिंचोके आणून दे" म्हटले की गोंधळतात. अंक म्हणता येणे वेगळे आणि संख्या कळणे वेगळे. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी लहान मुलांच्या विचारपद्धतीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा एक प्रयोग कोणाही घरी करून पाहता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. मुलाला ते सारखे आहे असे पटले, की त्याच्यासमोर एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतावे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा सांगते, "उंच भांड्यात जास्त पाणी आहे." त्याला रागावून किंवा समजावून उपयोग होत नाही. पुष्कळ वेळा स्वतः ओतून, मोजून, परत ओतून पाहिल्यावर सहा-सात वर्षांच्या सुमारास त्याला ते आपोआप कळू लागते. म्हणजे पाण्याशी खेळण्यात गेलेला वेळ वाया गेलेला नसतो. गणिताची पूर्वतयारी त्यातच होते.

अंगणवाडी हा शब्द कोठून आला

हा विचार आजचा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी खेळातून शिकविणारी संस्था काढली. इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. ज्या मुलांना कोणी शिकण्यायोग्य मानीत नव्हते, ती मुले योग्य साधने हाती मिळताच किती एकाग्रतेने शिकतात हे त्यांनी जगाला दाखविले. पुढे १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि १९४६ पर्यंत येथे राहून त्यांनी शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी गुजरातमधील भावनगर येथे हे काम सुरू केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु माँटेसरीची साधने महाग होती आणि शहरातील सुखवस्तू घरांपुरतीच ही पद्धत राहते, ही गोष्ट ताराबाईंना खटकत होती. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या अनुताईंनी पुढे सारे आयुष्य या कामास वाहिले.

बोर्डीत या दोघींनी दोन गोष्टी केल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आणि महाग लाकडी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, मातीची भांडी अशा गावातच मिळणाऱ्या वस्तू आणल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्त्यांत गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाड्या या योजनेतून उभ्या राहिल्या.

येथे एका योगायोगाची नोंद कराविशी वाटते. ज्या १९४५ साली बोर्डीत हे काम सुरू झाले, त्याच वर्षी ८ जुलै रोजी बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि आपल्या तरुणांसाठी महाविद्यालयाचा दरवाजा उघडला. दोन्ही कामे वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वाटांनी केली. पण शिक्षणाच्या इमारतीला कळसही हवा आणि पायाही हवा, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

एका उपक्रमाच्या चार पायऱ्या

पुढे जे उपक्रम दिले आहेत ते करताना बालवाडीच्या ताईंनी किंवा पालकांनी चार पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, पाहणे : वस्तू दाखवून लगेच नाव न सांगता मुलांना पाहू द्यावे. दुसरी, हाताळणे : प्रत्येक मुलाच्या हातात वस्तू गेली पाहिजे, ताईंनी हातात धरून दाखविणे पुरेसे नाही. तिसरी, बोलणे : काय दिसले, कसे लागले, वास कसा आला, हे मुलांनी आपल्या शब्दांत सांगावे. चौथी, मांडणे : लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके अशा जोड्या, ओळी किंवा ढीग लावावेत. या चौथ्या पायरीतच गणित दडलेले असते.

पावसाळा : ज्येष्ठ ते भाद्रपद

रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा पहिला पाठ पावसाचाच घ्यावा. सरळ बाजूचा एक रिकामा डबा अंगणात उघड्यावर ठेवावा. रोज ठरलेल्या वेळी त्यात नारळाच्या झाडणीचा एक हीर उभा धरावा आणि तो जेथपर्यंत भिजला तेथे मोडावा. मग डबा रिकामा करावा. असे रोजचे हीर मातीच्या लांबट वड्यात ओळीने खोचावेत. आठवड्याच्या अखेरीस मुले स्वतःच सांगतात, "परवाचा पाऊस मोठा, कालचा छोटा." शाळेत पुढे पाचवी-सहावीत जो स्तंभालेख शिकवितात, तो येथे चार वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने उभा केलेला असतो.

मृगाच्या पावसाबरोबर पेरणी होते, तशी बालवाडीतही व्हावी. चार करवंट्यांत माती घालून भात, नाचणी, चवळी आणि कुळीथ पेरावे. दुसऱ्या चार करवंट्यांत तेच पेरावे, पण पाणी घालू नये. कोणते आधी उगवले, कोणाला एक पान आले, कोणाला दोन दले आली, हे मुले रोज पाहतात. लावणीच्या दिवसांत एका पसरट घमेल्यात चिखल करून मुलांकडून आवणाच्या काड्या एकेक करून ओळीने लावून घ्याव्यात. एका बोटाच्या खळीत एक काडी, म्हणजे एकास एक संगती झाली.

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब टाकावा, तो मोत्यासारखा घरंगळतो. तसाच थेंब दुसऱ्या पानावर टाकावा, तो पसरतो. टाकळ्याची पाने दिवसा उघडी आणि संध्याकाळी मिटलेली असतात. मुलांनी घरी जाऊन आईबरोबर ती पाहावीत आणि दुसऱ्या दिवशी सांगावे. पाण्याने भरलेल्या टोपात करवंटी, खडा, शिंपला, नारळाची सोडण, सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाचा तुकडा असे एकेक टाकावे. टाकण्यापूर्वी "तरंगेल की बुडेल?" हे प्रत्येकाने सांगायचे, मग टाकून पाहायचे. आधी अंदाज आणि मग प्रत्यक्ष पडताळा, ही विज्ञानाची रीत आहे. कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः पडताळून पाहावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

पावसात पायाखाली पैसा, गोगलगाय, बेडकाची पिल्ले, बारीक कुर्ल्या असतात. बोट लागताच पैसा गोल वळतो हे मुलांनी पाहावे, पण त्याला चिरडू नये. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू वर्षावास का करतात, याचे कारण विनयपिटकात दिले आहे. पावसात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. करुणेचा हा पाठ चार वर्षांच्या मुलाला व्याख्यानातून समजणार नाही. पण पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहण्याची सवय त्याला लावता येते.

कापणीचे दिवस : आश्विन आणि कार्तिक

भात पिकले की बालवाडीसाठी एवढे साहित्य येते की निवड करणे कठीण. प्रत्येक मुलाला एक लोंबी द्यावी. दाणे ओढून काढावेत, एक दाणा नखाने सोलावा, आतला तांदूळ पाहावा. मग एका सुपात भात, तांदूळ आणि तूस एकत्र करून मुलांनी वेगळे करावेत. फुंकर मारल्यावर तूस उडते आणि दाणा राहतो, हे पाहून मुले हसतात, पुन्हा पुन्हा फुंकर मारतात. तेथेच आजीने सूप हातात घेऊन पाखडून दाखवावे. हलके आणि जड यांचा याहून चांगला पाठ नाही.

भाषेचा पाठही येथेच होतो. शेतात भात, डब्यात तांदूळ आणि ताटात पुन्हा भात. एकाच वस्तूची रूपे बदलतात, नावे बदलतात, हे मूल खात्या ताटापर्यंत येऊन शिकते. पेंढ्याच्या चार काड्यांची वेणी घालणे, पेंढ्या मोजून छोटी उडवी रचणे, हे हाताला वळण लावणारे उद्योग आहेत. याच सुमारास सड्यावरची फुले ओसरत आलेली असतात. तेरडा, सोनकी यांच्या पाकळ्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून अंगणात आकृती मांडता येते.

थंडी : मार्गशीर्ष ते माघ

आता जमीन कोरडी, आकाश स्वच्छ. सकाळी कोवळ्या उन्हात मुलाला अंगणात उभे करून त्याची सावली राखेने आखावी. दुपारी त्याच जागी उभे करून पुन्हा आखावी. सकाळी लांब असलेली सावली दुपारी आखूड का झाली? उत्तर देण्याची घाई करू नये. मुलाने आठ दिवस विचार केला तरी चालेल.

भात काढलेल्या शेतात वाल, पावटा, कुळीथ, चवळी होते. मूठभर मिश्र कडधान्य चार वाट्यांत वेगळे करावयास द्यावे. डोळे मिटून, केवळ स्पर्शाने वाल आणि चवळी ओळखण्याचा खेळ घ्यावा. आंब्याला मोहोर आला की हाताला येईल अशा एका फांदीला रंगीत चिंधी बांधावी आणि दर आठवड्याला मुलांनी ती फांदी पाहावी. मोहोर, कणी, बारीक कैरी, मोठी कैरी हा प्रवास तीन-चार महिने चालतो. किती कैऱ्या गळल्या, किती उरल्या, ते खड्यांनी मोजावे. दीर्घकाळ एखाद्या गोष्टीकडे लक्ष ठेवणे ही अभ्यासू माणसाची सवय आहे आणि ती येथे लागते.

समुद्राजवळच्या वाड्यांना शंख-शिंपल्यांचे भांडार उघडे आहे. शिंपल्यांच्या जोड्या जुळविणे, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावणे, ओल्या वाळूवर ठसे उमटविणे असे कितीतरी खेळ होतात. मंडणगड तालुक्यात वेळास येथे समुद्रकासवांची घरटी जपण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सुरू केले. तेथे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्राकडे जाताना दिसतात. जवळच्या गावांतील पालकांनी मुलांना ते अवश्य दाखवावे.

सड्यावर राहणाऱ्यांकडे याहून जुने भांडार आहे. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील जांभ्या दगडात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, मासे, माणसे अशी चित्रे कोरून ठेवली आहेत. ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. लिपीचा शोध लागण्यापूर्वी माणसाचा हात चित्र काढीत होता, हे ती चित्रे पाहिल्यावर पटते. मुलालाही अक्षरापूर्वी कोळशाने, गेरूने, ओल्या मातीने मनसोक्त रेघोट्या ओढू द्याव्यात.

उन्हाळा : फाल्गुन ते वैशाख

पळस, पांगारा, काटेसावर फुलली की रंगांचा पाठ सुरू होतो. पळसाची फुले पाण्यात भिजवून केशरी रंग निघतो. पुढे रातांब्याचा लाल रस बोटाने कागदावर ओढता येतो. जांभळे खाऊन जिभेचा झालेला रंग आरशात पाहणे हा तर सर्व मुलांचा आवडता उपक्रम. फणस फोडला की त्यातील गरे आणि आठळ्या मोजाव्यात. जितके गरे तितक्या आठळ्या निघतात का, हे मुलांनी जोड्या लावून ठरवावे.

एका ताटलीत सालासकट रातांबे ठेवावेत आणि दुसऱ्या ताटलीत उन्हात वाळविलेली आमसुले. तेच फळ, पण वजन, रंग, स्पर्श सर्व बदलले. पाणी कोठे गेले? दोन सारख्या ताटल्यांत सारखे पाणी घालून एक उन्हात आणि एक सावलीत ठेवली, की मुलांना याचे उत्तर सापडते. नारळाच्या पातीचे भिरभिरे, साप, घड्याळ आजोबांकडून शिकून घ्यावे. आंबा खाऊन झाल्यावर कोय अंगणाच्या कडेला पुरावी. मृग बरसला की ती उगवते आणि वर्षाचे चक्र पुन्हा सुरू होते.

काय जपावे

या उपक्रमांत काही धोके आहेत, ते ताईंनी व पालकांनी ओळखले पाहिजेत. गुंजा दिसावयास सुंदर, पण त्यांचे बी अत्यंत विषारी असते. मोजण्यासाठी गुंजा कदापि वापरू नयेत. एरंडाचे बी आणि कण्हेर हेही विषारी. काजूच्या बीच्या कवचात अंग भाजणारे तेल असते, म्हणून ओली किंवा फुटलेली बी मुलांच्या हाती देऊ नये. आंब्याचा चीक तोंडाला लागून फोड येतात. खाजकुइलीच्या शेंगांपासून दूर राहावे. तीन वर्षांखालील भावंड जवळ असेल तर बिया, मणी, खडे उचलून ठेवावेत, कारण ते नाकात किंवा घशात जाऊ शकतात. पायाला जखम असलेल्या मुलाला साचलेल्या पाण्यात आणि चिखलात सोडू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका कोकणात आहे. पावसात दगड आणि पाने उलथण्याचे काम मोठ्यांनी काठीने करावे. उपक्रम संपला की साबणाने हात धुणे हा उपक्रमाचाच भाग समजावा.

मातीत हात का घालावेत

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. माती आपल्या पूर्वजांनी तुडविली हे खरे. परंतु ती कोणासाठी, कोणाच्या हुकमावरून आणि कोणत्या मोबदल्यावर तुडविली, हा खरा प्रश्न आहे. दोष मातीचा नव्हता. काही माणसांनी केवळ हात वापरावेत आणि काहींनी केवळ डोके वापरावे, अशी वाटणी ज्या व्यवस्थेने केली, तिचा तो दोष होता. जातिव्यवस्थेने कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणग्रंथात दाखवून दिले आहे. बालवाडीत मूल मातीत हात घालते ते कोणाचे वेठीचे काम करण्यासाठी नव्हे. ते पाहते, अंदाज करते, प्रश्न विचारते. त्याचा हात आणि त्याचे डोके एकत्र काम करतात. ज्यांना हे दोन्ही एकत्र वापरू दिले गेले नाही, त्यांच्या नातवंडांना तो अधिकार आता मिळत आहे.

तसेच पाण्याचे. २० मार्च १९२७ रोजी महाडला ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आज गावातील सर्व वाड्यांची मुले एका अंगणवाडीत, एकाच टोपात हात बुडवून नावा सोडतात, एकाच घागरीचे पाणी पितात, एका पंगतीत जेवतात. असे जेथे घडते तेथे समतेचा पहिला धडा न बोलता दिला जातो. म्हणून मुलांना वेगवेगळे बसविले जात असेल, किंवा एखाद्या वाडीची मुले पाठविली जात नसतील, तर ते आपण शांतपणे पण ठामपणे नजरेस आणून दिले पाहिजे.

बोलीचेही असेच. मूल 'कुर्ली' म्हणते आणि पुस्तकात 'खेकडा' असतो. ताईंनी 'कुर्ली' चूक ठरवू नये. "आपण कुर्ली म्हणतो, पुस्तकात खेकडा म्हणतात" एवढेच सांगावे. घरची बोली हसण्यावारी गेली की मूल गप्प होते, आणि गप्प झालेले मूल शिकत नाही. इंग्रजी आपल्या मुलांना आलीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ज्या मुलाजवळ पाहिलेल्या, हाताळलेल्या वस्तूंचे पाचशे शब्द आपल्या भाषेत आहेत, त्याला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ, कृती आणि घरची भाषा यांवर भर दिला आहे.

आपण काय करू शकतो

कित्येक वाड्यांत विहार किंवा समाजमंदिर सकाळच्या वेळी बंद असते. जेथे अंगणवाडीला जागा अपुरी आहे, तेथे ते अंगणासह उघडून देता येईल. प्रत्येक वाडीत एक 'ऋतुपेटी' करावी. एका पत्र्याच्या पेटीत करवंट्या, शिंपले, चिंचोके, वाळलेल्या शेंगा, जुनी सुपली, वाट्या, चिंध्या असे साहित्य ठेवावे आणि दर ऋतूत ते बदलावे. याला खर्च जवळजवळ नाही.

आपली कर्ती माणसे मुंबईस असतात आणि मुले पुष्कळदा आजी-आजोबांजवळ वाढतात. या आजीला बिनशिक्षित म्हणून बाजूला बसवू नये. पावसातील पंचवीस रानभाज्या ओळखणारी, पाखडणारी, वळणारी ही आजी बालवाडीची मानद शिक्षिका होऊ शकते. आठवड्यातून एक तास तिला सन्मानाने बोलवावे. महाविद्यालयात किंवा अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी सुटीत वाडीवर आल्यावर वनस्पती, मासे, कीटक यांची बोलीतील नावे आजीकडून लिहून घ्यावीत आणि चित्रांसह अंगणवाडीस द्यावीत. वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांबरोबर अंगणवाडीच्या ताईंचाही सत्कार व्हावा, कारण त्या गुणवंतांची सुरुवात तिच्याच अंगणात झालेली असते.

आणि पालकांना आमची एक विनंती आहे. मूल घरी आल्यावर "आज काय लिहिलंस?" असे विचारण्यापूर्वी "आज काय पाहिलंस, काय केलंस?" असे विचारावे, आणि त्याचे उत्तर पुरे ऐकून घ्यावे. तीन वर्षे अशा प्रश्नांची उत्तरे देत वाढलेले मूल पहिलीच्या वर्गात जाते, तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. जे सांगावयाचे आहे ते लिहिण्याची गरज त्याला स्वतःलाच वाटू लागते. मग अक्षर शिकविण्यासाठी त्याच्या पाठीस लागावे लागत नाही.